कला संशोधन संस्थेचे सल्लागार कोण असावेत?

पेडणे तालुक्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावताराचा काला उभा राहतो, तेव्हा रंगमंचावरील कोणाच्याही हाती संहिता नसते. आधी गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग होतो आणि मग आख्यान सुरू होते. कथेचा सांगाडा ठरलेला असतो. पण संवाद नट तिथल्या तिथे रचतात. पखवाज आणि पायपेटी वाजवणाऱ्यांना पुढचे पद कधी येणार हे नटाच्या बोलण्याच्या चढउतारावरून ओळखावे लागते. त्याच आख्यानाचा दुसऱ्या गावातील प्रयोग शब्दशः वेगळा असतो.

या कलेचा अभ्यास करण्यासाठी उद्या एखादी संस्था कॅमेरे आणि ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन आली, तर पहिलाच प्रश्न उपस्थित होईल : अभ्यासायचे नेमके काय? एका रात्रीचा प्रयोग, एका मंडळाची परंपरा की एका नटाची प्रतिभा? मुद्रणावर हक्क कोणाचा राहील? ते कोणाला ऐकू द्यायचे आणि कोणत्या अटीवर? त्यावर लिहिल्या जाणाऱ्या निबंधाची सत्यता कोण पारखणार? संस्थेचे संचालक, लेखापाल किंवा देणगीदार यांच्याकडून या प्रश्नांची उत्तरे मिळण्यासारखी नसतात. त्यासाठीच शैक्षणिक सल्लागार मंडळ नेमावे लागते.

तुये हे गाव आजवर औद्योगिक वसाहत, इलेक्ट्रॉनिक उत्पादन संकुल आणि रुग्णालय यांच्या संदर्भात बातम्यांत येत राहिले आहे. मोपाचा विमानतळ आणि धारगळची आयुर्वेद संस्था यांमुळे पेडणे तालुक्याचा चेहराच पालटतो आहे. अशा गावात एखादी कला संशोधन संस्था उभी राहणार अशी कल्पना केली, तर चर्चा कशी होईल हे सहज सांगता येते. आधी जमिनीची, मग इमारतीची, मग निधीची चर्चा होईल. सल्लागार मंडळाची आठवण निमंत्रणपत्रिका छापण्याच्या वेळी येईल आणि काही प्रतिष्ठित नावे तिच्यावर झळकतील. हा क्रम उलटा आहे. मंडळ आधी नेमले, तर संस्था कशी असावी हे ठरवता येते. ते नंतर नेमले, तर झालेल्या निर्णयांवर केवळ शिक्का उमटवणे हातात उरते.

मंडळ म्हणजे काय, आणि काय नव्हे

संस्थांच्या रचनेत अनेक मंडळांची नावे एकमेकांत मिसळली जातात. संस्था सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली नोंदलेली असेल तर तिचे एक नियामक मंडळ असते. पैसा, मालमत्ता, नेमणुका आणि कायदेशीर जबाबदारी त्याच्याकडे असते. विद्यापीठात विद्वत्परिषद आणि अभ्यासमंडळे असतात. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या यांसंबंधीचे त्यांचे अधिकार कायद्याने किंवा परिनियमांनी दिलेले असतात. शैक्षणिक सल्लागार मंडळाला असा आधार आपोआप मिळत नाही. नेमणारी संस्था जे लिहून देईल तेवढाच त्याचा अधिकार. म्हणून नेमणूकपत्रातील मजकूर हा नावांच्या यादीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अशा मंडळाची कामे साधारणपणे पाच प्रकारची असतात. संशोधनाचे विषय आणि त्यांचा अग्रक्रम ठरवण्यास मदत करणे, अभ्यासपद्धती तपासणे, प्रकाशनापूर्वी लेखनाचे परीक्षण करून घेणे, कलाकारांची संमती आणि हक्क यांबाबतचे नियम घालून देणे, आणि ठरावीक काळाने संस्थेच्या कामाचे मूल्यमापन करणे. यांतील पहिली तीन कामे बहुतेक ठिकाणी कमीअधिक प्रमाणात होतात. शेवटची दोन टाळली जातात, कारण त्यांत संस्थेला नकार ऐकावा लागण्याची शक्यता असते.

देशाचा अनुभव

विद्वानांनी आणि कलावंतांनी एकत्र बसून कलेचा विचार करण्याची आधुनिक परंपरा मराठी माणसाला नवी नाही. व्यवसायाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून घराणेदार गवयांकडून चिजा गोळा केल्या. त्यांच्याच प्रेरणेने १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. शास्त्र जाणणारे आणि प्रत्यक्ष गाणारे तेथे समोरासमोर बसले. त्यांच्यात मतभेद झाले. तरीही केवळ ग्रंथावर किंवा केवळ गळ्यावर विसंबून संगीताचे शास्त्र उभे राहत नाही, हे त्या प्रयत्नाने दाखवून दिले. भातखंडे यांच्या काही निष्कर्षांवर आजही वाद होतात. अभ्यासाच्या दृष्टीने ते सुचिन्हच म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या ३१ मे १९५२ च्या ठरावाने संगीत नाटक अकादमीची स्थापना झाली आणि २८ जानेवारी १९५३ रोजी तिचे उद्घाटन झाले. साहित्य आणि ललित कला अकादम्या १९५४ मध्ये आल्या. या संस्थांच्या महापरिषदांत कलावंत, तज्ज्ञ आणि राज्यांचे प्रतिनिधी यांना स्थान मिळाले. तरीही त्यांच्या कारभाराचा आढावा घेण्यासाठी सरकारला पुनःपुन्हा समित्या नेमाव्या लागल्या. भाभा समिती, खोसला समिती आणि १९९० मध्ये अहवाल देणारी हक्सर समिती ही त्यांतील ठळक नावे. तज्ज्ञांना आसन दिले म्हणजे संस्था आपोआप निकोप होते असे नाही, हा या इतिहासाचा बोध आहे. आसनावर बसलेल्याचे म्हणणे कुठे नोंदले जाते आणि त्याचे पुढे काय होते, यावर सारे अवलंबून असते.

मुंबईतील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात डॉ. अशोक रानडे यांनी केलेले काम वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. रानडे स्वतः गाणारे होते, मराठी आणि इंग्रजी साहित्याचे अभ्यासक होते आणि संगीतशास्त्राचे अध्यापकही. लोकसंगीत, नाट्यसंगीत आणि शास्त्रीय संगीत यांकडे पाहताना त्यांनी प्रतिष्ठेची उतरंड मानली नाही. कला संशोधनाला असे दुहेरी अधिकार असलेले माणूस लागते. असे माणूस विरळा. म्हणून एका व्यक्तीत न सापडणारे गुण मंडळाच्या रूपाने एकत्र आणावे लागतात.

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ मध्ये भारतात लोकसंगीतशास्त्राचे संग्रह आणि संशोधन केंद्र सुरू केले. परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेली ध्वनिमुद्रणे परदेशी विद्यापीठांच्या कपाटांत पडून होती. ज्या देशात ती झाली, तेथील अभ्यासकांना आणि कलाकारांना ती उपलब्ध व्हावीत, ही त्या केंद्रामागची मूळ दृष्टी. मुद्रण कोणाला, कशासाठी वापरू द्यायचे याच्या अटी तेथे लेखी नोंदवल्या जातात. गोव्यात काम करू पाहणाऱ्या संस्थेने हा धडा पहिल्याच दिवशी गिरवायला हवा.

केसरबाईंचा सूर आणि एक शिफारस

तज्ज्ञाचा सल्ला किती दूरवर पोहोचू शकतो याचे उदाहरण गोमंतकाच्याच घरातले आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांसोबत पृथ्वीवरील ध्वनींची सोनेरी तबकडी अंतराळात पाठवण्यात आली. संगीताची निवड कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील छोट्या गटाने केली. भारतीय संगीतातून काय घ्यावे, याबाबत लोकसंगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाई केरकर यांच्या भैरवीची शिफारस केली. ध्वनिमुद्रिका सहजासहजी मिळेना; अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. फोंडा तालुक्यातील केरी गावात जन्मलेल्या गायिकेचा आवाज आज सूर्यमालेच्या पलीकडे प्रवास करतो आहे.

या कथेचा अभिमान सर्वांनाच आहे, पण तिच्यात दोन धडे आहेत. पहिला असा की, सेगन हे खगोलशास्त्रज्ञ होते आणि भारतीय संगीतासाठी त्यांच्या गटाने त्या विषयाच्या जाणकाराचा शब्द मानला. दुसरा असा की, इतक्या थोर गायिकेची ध्वनिमुद्रिका शोधण्यासाठी दुकानातील खोकी धुंडाळावी लागली. जाणकार होता, संग्रह हाताशी नव्हता. संशोधन संस्थेला दोन्ही लागतात.

कला अकादमीचा धडा

गोव्यात कला अकादमीची स्थापना १९७० मध्ये झाली. मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया यांनी रचलेली तिची वास्तू हीच एक कलाकृती मानली जाते. या वास्तूच्या नूतनीकरणाचे काम सुरू असताना १७ जुलै २०२३ रोजी खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अकादमी पुन्हा खुली झाली. पण ध्वनी, प्रकाशयोजना आणि इतर सोयींबाबत कलाकारांच्या तक्रारी येत राहिल्या. पुढे नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला कृती दल नेमावे लागले आणि त्रुटींची पाहणी त्याच्याकडे सोपवावी लागली.

दोष कोणाचा हा येथे विषय नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. लक्षात घेण्याजोगा आहे तो क्रम. रंगमंचावर उभा राहणारा नट, प्रकाशयोजनाकार, ध्वनितंत्रज्ञ आणि नेपथ्यकार यांना जे ठाऊक असते ते निविदा निघण्यापूर्वी कागदावर आले असते, तर नंतरच्या पाहणीत उरले असते ते किरकोळ दुरुस्तीचे काम. सल्ला उशिरा घेतला तर त्याची किंमत वाढते आणि उपयोग घटतो. भिंतींच्या बाबतीत जे खरे, ते संशोधनाच्या बाबतीत अधिकच खरे आहे. चुकीची बांधलेली भिंत पुन्हा बांधता येते. वृद्ध कलाकाराची चुकीच्या पद्धतीने घेतलेली मुलाखत त्याच्या निधनानंतर पुन्हा घेता येत नाही.

पेडणे-डिचोलीला कोणते जाणकार हवेत

सल्लागार मंडळात 'नामवंत' असावेत असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. त्याऐवजी त्या भूमीतील कलांना कोणते ज्ञान लागते, येथून सुरुवात केली तर यादी निराळी होते. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण घुमटाचे. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. मातीच्या या वाद्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणले जाई. घोरपड हा वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी असल्यामुळे त्या कातड्यावर बंदी आली आणि बकरीच्या कातड्याचा वापर सुरू झाला. कातडे बदलले की नाद किती बदलतो, मातीची जाडी बदलून तो सांभाळता येतो का, जुनी वाद्ये संग्रहात ठेवताना कायदा काय सांगतो, हे सारे संशोधनाचे विषय आहेत. त्यांची उत्तरे देण्यासाठी वादक हवा, डिचोलीसारख्या ठिकाणचा मातीचे गुण जाणणारा कुंभार हवा, ध्वनिशास्त्रज्ञ हवा आणि कायद्याचा जाणकारही हवा. यांतील एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून अपुरे ठरेल.

दुसरे उदाहरण कावी चित्रांचे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन तो कोरत पांढरी रेषा मोकळी करायची, अशी ही भित्तिचित्रांची पद्धत. कोकणपट्टीतील मंदिरांत ती आढळते. पेडणे तालुक्यात मोरजीच्या मोरजाई मंदिराचे नाव या संदर्भात घेतले जाते. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा भिंतींवर तैलरंग किंवा लाद्या चढल्या की चित्रे कायमची जातात. त्यांचा अभ्यास करताना कलेतिहासकाराबरोबर चुन्याच्या गिलाव्याचे रसायन जाणणारा संवर्धक लागतो. त्याचबरोबर ज्यांच्या निर्णयाने ती भिंत राहणार किंवा जाणार, त्या देवस्थानच्या महाजनांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा माणूसही लागतो.

तिसरे उदाहरण सुरुवातीच्या दशावताराचे. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तोवर त्यावर सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. राजकीय सीमा बदलली, पण कलेचा नकाशा तसाच राहिला. दशावतारी मंडळे आजही सिंधुदुर्गातून गोव्यात येतात. पिंगुळीची चित्रकथी आणि सावंतवाडीचा गंजिफा यांच्याशी असलेले नाते तेरेखोलच्या पाण्याने तुटलेले नाही. म्हणून पेडण्यातील कला संशोधन संस्थेच्या मंडळात सिंधुदुर्गातील जाणकार असणे ही सौजन्याची बाब नव्हे; अभ्यासाची ती पूर्वअट आहे. कागदपत्रांचेही असेच आहे. पणजीच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ चा. तेथील पोर्तुगीज आणि मोडी कागद वाचू शकणारा सदस्य नसेल, तर संस्थेचा इतिहास ऐकीव गोष्टींवर उभा राहील. आणि मराठी, कोकणी व मालवणी यांतील छटा ओळखणारा भाषाभ्यासक नसेल, तर मुद्रणांची लिप्यंतरेच चुकतील.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्या हातात किंवा गळ्यात कला आहे, तो 'माहिती देणारा' नसून जाणकार आहे. त्याची मुलाखत घेऊन त्याला परत पाठवायचे आणि निष्कर्ष दुसऱ्यांनी काढायचे, ही पद्धत कालबाह्य झाली आहे. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त सांस्कृतिक वारसा करारात संबंधित समाजांच्या सहभागाचे कलम आहे आणि भारताने २००५ मध्ये तो करार स्वीकारला. २०१५ मध्ये युनेस्कोने मान्य केलेल्या बारा नैतिक तत्त्वांत मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचा आग्रह आहे. आपल्या प्रताधिकार कायद्यातही सादरकर्त्याचा हक्क मान्य केला आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. काल्यात रात्र जागवणारा नट, धालोच्या मांडावर गाणारी स्त्री, घुमट वाजवणारा आरतीचा गडी यांपैकी कितीजणांना हा हक्क ठाऊक आहे? त्यांना तो समजावून सांगणे हेही मंडळाचेच काम.

नेमणूक कशी व्हावी

गोवा हे छोटे राज्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांच्या आसपास. येथे सारे एकमेकांना ओळखतात. त्याचा फायदा असा की योग्य माणूस शोधायला फार दिवस लागत नाहीत. तोटा असा की तीच ती नावे प्रत्येक समितीवर दिसतात आणि ज्याने अनुदानासाठी अर्ज केला तोच कधीकधी अर्ज तपासणाऱ्यांत असतो. यावर उपाय कठीण नाहीत. ते आधी लिहून ठेवावे लागतात.

मंडळ सात ते नऊ जणांचे असले तर चर्चाही होते आणि निर्णयही. त्यांत किमान एकतृतीयांश प्रत्यक्ष कलाकार आणि कारागीर असावेत. निदान दोन सदस्य राज्याबाहेरचे असावेत, म्हणजे स्थानिक ओळखीदेखींचे दडपण हलके होते. मुदत तीन वर्षांची ठेवून दरवर्षी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतील अशी योजना केली, तर अनुभवही टिकतो आणि नव्यांनाही वाट मिळते. ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा आर्थिक किंवा कौटुंबिक संबंध आहे, त्या चर्चेतून त्याने उठून जावे, हा नियम नेमणूकपत्रातच असावा.

सर्वांत महत्त्वाचा नियम उत्तरदायित्वाचा. मंडळाचा सल्ला नियामक मंडळावर बंधनकारक असावाच असे नाही. निधीची जबाबदारी ज्याच्यावर, अंतिम निर्णय त्याचा. पण सल्ला नाकारायचा असेल तर कारणे लेखी द्यावीत आणि बैठकांचे इतिवृत्त लोकांना पाहता यावे. संमतीचा प्रश्न मात्र अपवाद असावा. कलाकाराची संमती घेतलेली नाही असे मंडळाने म्हटले, तर ते मुद्रण वापरता येऊ नये. एवढा नकाराधिकार मंडळाला नसेल, तर कलाकारांनी संस्थेवर विश्वास का ठेवावा?

व्यवहाराच्या बाजूकडेही दुर्लक्ष होऊ नये. प्राध्यापकाला बैठकीच्या दिवशी कर्तव्यरजा मिळते; कुंभाराची मजुरी बुडते आणि दशावतारी नटाची हंगामातील नाईट जाते. दोघांना सारखाच मान द्यायचा, तर मानधन आणि प्रवासखर्च बुडालेल्या कमाईला धरून ठरला पाहिजे. बैठका जत्रांच्या हंगामात ठेवू नयेत. कामकाज इंग्रजीत चालले तर अर्धे मंडळ गप्प बसेल. ते मराठी-कोकणीतून चालावे आणि टिपण हवे तर नंतर इंग्रजीत व्हावे. या बाबी किरकोळ वाटतात, पण कलाकार सदस्य दुसऱ्या बैठकीला येतो की नाही हे त्यांवरच ठरते.

आक्षेप आणि उत्तर

इतके नियम केले तर संस्था उभीच राहणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्यही आहे. निधी देणाऱ्याला लवकर दिसणारे काम हवे असते, आणि इमारत लवकर दिसते. मंडळाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या कामातून कदाचित एक नियमावली, एक संमतिपत्र आणि कलाकारांची एक यादी एवढेच हाती लागेल. त्यांचे उद्घाटन करता येत नाही. तथापि याच तीन कागदांवर पुढचे प्रत्येक मुद्रण, प्रत्येक प्रबंध आणि प्रत्येक प्रदर्शन उभे राहणार असते.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. कलाकारांना विद्वानांच्या बरोबरीने बसवले तर अभ्यासाची पातळी घसरेल, अशी भीती उघड बोलली जात नाही, पण असते. गोव्याच्या संगीताचा इतिहास तिला उत्तर देतो. ज्या कलावंत समाजातून केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या, त्या समाजाला एकेकाळी सभागृहात मानाची खुर्ची नव्हती. आज त्यांच्याच गायकीवर प्रबंध लिहिले जातात. तीच चूक घुमट घडवणाऱ्याच्या, कावी कोरणाऱ्याच्या आणि संकासुर रंगवणाऱ्याच्या बाबतीत पुन्हा करण्याचे कारण नाही.

तुयेसारख्या गावात कला संशोधन संस्था उभी राहील तेव्हा तिच्या कोनशिलेवर कोणाची नावे आहेत हे लोक वाचतील. संस्थेचे भवितव्य मात्र दुसऱ्या एका कागदावर ठरलेले असेल : सल्लागारांच्या नेमणूकपत्रावर. त्यात कलाकाराचे नाव आहे का, त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे का, आणि त्या पत्रावरची तारीख भूमिपूजनाच्या आधीची आहे का, एवढे तीन प्रश्न गावकऱ्यांनी आवर्जून विचारावेत.